पाय, नाव, हाक, निरोप

कुणाशी भांडायची वेळ आली की शरयूताई टिपणीस आधी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायच्या. वीजबिल भलतंच आलं, नळाला गढूळ पाणी आलं, मागच्या बंगल्यात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी कर्णे लावले, काहीही असो. आधी खुर्चीत बसायचं, हात मांड्यांखाली सारायचे, क्षणभर समोर बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. तोंड उघडल्यावर समोरच्याची धडगत नसे, पण हात मात्र मांडीखालीच असत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाईंना थंडी वाजतेय. मे महिना होता. दहिवलीत मे महिन्यात थंडी वाजणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना कर्जत स्टेशनजवळ, घर दहिवलीत, आणि माझ्या कुंपणापलीकडे शरयूताई. टिपणीसांचं घराणं कर्जतमधलं जुनं. त्यात वकील झाले, मास्तर झाले, एकदोघे नुसतेच हुशार म्हणून राहिले. शरयूताई विमान उडवायला गेल्या आणि पुढे जन्मभर दुसऱ्यांना उडवायला शिकवत राहिल्या. देशावरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये त्या शिकवायच्या. लग्न केलं नाही. "विचारलं नाही असं नाही, पण विचारणारा प्रत्येक जण घाईत होता," असं सांगायच्या. निवृत्त झाल्यावर दहिवलीत बसकं घर बांधून राहिल्या. बुटक्या, सडपातळ, केस कानापर्यंत कापलेले, पायांत सदैव पातळ तळव्यांचे कॅनव्हासचे बूट. जाड तळवा घातला की पायाला काही ऐकू येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

पायाला ऐकू येतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

त्यांचा खास विषय होता दोन इंजिनांची छोटी विमानं. एका इंजिनाचं विमान उडवायला शिकलेली मुलं पुढे त्यांच्याकडे यायची, आणि दोनांपैकी एक इंजिन बंद पडलं तर काय करायचं हे त्या शिकवायच्या. मी एकदा मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "एक गेलं तर दुसरं असतंच की! काळजी कसली?" आमच्या कर्जतला गाड्यांना घाट चढायला मागून जास्तीची इंजिनं लावतात. इंजिनं जितकी जास्त तितकं बरं, हे ज्ञान कर्जतकराला आईच्या दुधातूनच मिळतं.

शरयूताईंनी हात मांड्यांखाली घातले. मी समजले, आता माझी धडगत नाही.

"मेघना, तुझ्या आगगाडीचं इंजिन गेलं तर ती रुळावर उभी राहते. विमानाला उभं राहता येत नाही. आणि उरलेलं इंजिन एकाच बाजूने ढकलत असतं. बैलगाडीचा एक बैल खाली बसला आणि दुसरा उधळला, तर गाडी कुठे जाईल?"

"बसलेल्या बैलाकडे वळेल."

"वळेल आणि उलटेल. जोडीतल्या बसलेल्या बैलाने आजवर कुणाला मारलं नाही. मारतो तो उधळलेला."

यावर त्यांचा उपाय चार शब्दांचा होता: पाय, नाव, हाक, निरोप. डावं इंजिन गेलं की विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. ते सरळ ठेवायला उजवा पाय जोरात दाबायचा. हा पाय. मग जो पाय रिकामा पडलाय, त्या बाजूचं इंजिन मेलंय, हे मोठ्याने म्हणायचं. हे नाव. मग त्या इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा हळूच मागे ओढून बघायचा. काहीच फरक पडला नाही, तर ते खरंच मेलेलं. ही हाक. "हाक मारून बघ. ओ देतोय का? दिली तर तो जिवंत आहे, बाबा! त्याला कशाला पोचवतोस?" आणि ओ आली नाही तरच त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला आड येणार नाहीत अशी वळवून त्याचं इंधन तोडायचं. तो निरोप.

हे ऐकायला इतकं सोपं आहे की मला हसू आलं होतं. पण माणसाचे हात त्याच्या डोक्याच्या आधी धावतात. घाबरलेला माणूस नाव घेण्याआधीच कुठला तरी दांडा ओढतो, आणि चालू असलेलंच इंजिन बंद करून बसतो. शिकलेली, चांगली हुशार माणसंही असं करून मेलीत, असं ताई सांगत. म्हणून त्यांच्याकडे हात मांडीखाली. "विमानात घालता येत नाहीत गं. पण इथे घालायची सवय लागली, की तिथे ते नुसते थबकतात. तेवढं पुरतं."

इथे म्हणजे त्यांच्या ओटीवर. निवृत्तीनंतरही शनिवार-रविवारी मुलं त्यांच्याकडे यायची, कुठून कुठून यायची. ओटीवर सागवानी खुर्ची, तिच्यापुढे कर्जतच्या सुताराकडून करून घेतलेली पायफळी. एक पाय दाबला की दुसरा वर यायचा, आणि स्कूटरच्या ट्यूबचे पट्टे असे ताणून बांधलेले की दाबायला चांगलाच जोर लागायचा. बाजूला उलटा घातलेला पाट, त्यात खाचा पाडून उभे केलेले लाकडी चमचे. काळ्या, निळ्या, लाल मुठींच्या जोड्या. विमानात दांडे याच रंगांचे असतात म्हणे. मुलगा किंवा मुलगी खुर्चीत बसायची, ताई मागे पट्टी घेऊन उभ्या राहायच्या आणि मध्येच कधीतरी गरजायच्या, "डावं गेलं!" रस्त्याने जाणाऱ्या नव्या माणसाला वाटायचं, आत कुणी तरी वारलं.

चारही शब्द बरोबर झाले तरी सुटका नसे. पाय दाबलेलाच ठेवायचा. "विमान अजून हवेत आहे. पाय कुणी काढायला सांगितला?" ताई 'उतरलो' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. आणि त्या मुद्दाम उशीर करायच्या. आत जाऊन चहा टाकायच्या, मोगऱ्याला पाणी घालायच्या, कुंपणाशी येऊन माझ्याशी गप्पा मारायच्या. इकडे त्या बिचाऱ्याची पोटरी लटलट कापत असायची. मी म्हणायचे, "अहो, सोडा त्याला." ताई शांतपणे म्हणायच्या, "वारा सोडणार आहे का?" मग चहाचे कप घेऊन येताना सहज म्हणायच्या, "उतरलो." त्या एका शब्दाने मुलांचे चेहरे जे खुलायचे, ते मी कुंपणावरून पुष्कळदा बघितलंय.

ही शिकवण माझ्या धंद्यातही शिरली. दात काढताना मी आता आधी मोठ्याने नाव घेते, कुठला, वरचा की खालचा, उजवा की डावा. मग त्याच्यावर टिचकी मारते. पेशंट ओरडला तर तोच. माझी मदतनीस म्हणते, मॅडम दाताला हाक मारतात.

पण ताईंचं शिक्षण माझ्या अंगावर खरं आलं ते खोपोलीच्या घाटात. आम्ही दोघी लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने उतरत होतो. गाडी मी चालवत होते, म्हणजे बोलत होते आणि मधून मधून चालवत होते. उतारभर मी ब्रेकवर पाय ठेवूनच बसले होते. जळका वास आला, आणि पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पाय सरळ खाली गेला. माझा हात हँडब्रेककडे झेपावला. ताईंनी त्यावर सणसणीत चापट मारली.

"हात मांडीखाली!"

"अहो, गाडी मी चालवतेय!"

"मग एक तरी आवर. काय गेलं? नाव घे."

"ब्रेक!"

"हाक मार."

मी पुन्हा पुन्हा दाबलं. थोडंसं लागत होतं, फार नाही.

"अर्धा जिवंत आहे. त्याला निजू दे जरा. गिअर उतर. एक. आता आणखी एक. इंजिन ओरडेल, ओरडू दे. रस्त्याकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस? मी काही वळण नाही."

गाडी किंचाळत हळू झाली. मग त्यांनीच सांगितलं, आता हँडब्रेक, एकदम नाही, दही लावताना हात फिरवतेस तसा. आम्ही एका कणीसवाल्याच्या शेगडीपाशी थांबलो. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. ताई उतरल्या आणि कणीसवाल्याला म्हणाल्या, "दोन दे. एकाला तिखट जास्त लाव, हिला शुद्धीवर आणायचंय." त्यांच्या आवाजात एवढासाही कंप नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांना मनातून घाबरू लागले, आणि घाबरण्यापेक्षाही जास्त काही तरी, ज्याला मला बरेच दिवस नाव देता आलं नाही.

ते नाव मिळालं देवदत्तमुळे. देवदत्त हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता स्वतः शिकवतो. दर दिवाळीला बायकोमुलांना घेऊन दहिवलीला यायचा. ताई आत फराळाचं वाढत असताना त्याने मला सांगितलं. तो शिकत असताना एकदा दोघं उडाले आणि चाकं जमिनीवरून सुटतात न सुटतात तोच डावं इंजिन गेलं. खोटं खोटं नाही, खरंच. ताई बाजूच्या खुर्चीत होत्या. विमानाच्या वेगाच्या काट्याखाली एक लाल रेघ असते. वेग तिच्या खाली असला, तर पायाने कितीही दाबा, पाय पुरत नाही. चालू इंजिनच विमानाला उलथं घालतं.

"पंख वाकडा व्हायला लागला होता," देवदत्त म्हणाला. "उजवं इंजिन एकदम मस्त चालू. मी ओरडत होतो, चालू आहे, बाई, चालू आहे! आणि बाईंनी तेच बंद केलं. सरळ हात पुढे केला आणि ओढलं. सगळं एकदम शांत. पंख सरळ झाले आणि आम्ही समोरच्या भुईमुगाच्या शेतात पोटावर घसरत गेलो. विमान मोडलं. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. मी दार उघडून उडी मारणार, तर बाई काय म्हणाल्या माहितीय? शेंगांवर पाय देऊ नकोस."

चौकशी झाली. बाई घाबरल्या, चांगलं इंजिन हातचं घालवलं, असं बोलणारे पुष्कळ निघाले. चौकशीच्या वेळी त्यांना विचारलं, चालू इंजिन का बंद केलंत? त्यांनी एवढंच उत्तर दिलं, "ते चालू होतं म्हणून." बराच काळ त्यांना दोन इंजिनांच्या विमानांपासून दूर ठेवलं. पुढे सगळ्यांना उमगलं, पण तोवर त्यांनी कुणाकडेही गाऱ्हाणं केलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांना विचारलं, "ताई, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. मेलेलं बंद करायला कसली भीती? हातात असलेलं, चांगलं चालणारं सोडायला भीती वाटते. चकली घे, कडक झालीय."

घाबरण्यापेक्षा जास्त जे काही होतं त्याचं नाव आदर, हे मला ती चकली चावताना कळलं.

पोशीरची सायली भोईर त्यांच्याकडे आली ती माझ्यामुळे. तिचे वडील माझे पेशंट. भाताची शेती, तोंडात अक्कलदाढ किडलेली आणि मनात पोरीची काळजी. तोंडात कापूस असतानाच ते सांगू लागले. सायलीचं एका इंजिनाचं शिक्षण झालं होतं, दोन इंजिनांच्या परीक्षेत ती नापास झाली होती. परीक्षकाने एक इंजिन बंद पडल्याचं नाटक केलं, आणि सायलीने घाईत चांगल्या इंजिनाला हात घातला. त्याने तिथल्या तिथे थांबवलं म्हणून बरं.

"चुकीचं इंजान बंद केलं बोलतात. म्हंजे ते खरं आसतं तर पोरगी गेली आसती ना, डॉक्टर?" त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. "मग मी तिला बोललो, आजून एकदा दे परीक्षा. परत तीच चूक झाली तर इमानात नाय बसायचं. मला इमान नको, पोरगी पायजे."

मी त्यांना ताईंच्या ओटीवर नेलं. ताईंनी सायलीला खुर्चीत बसवलं, पायफळीवर तिचे पाय ठेवायला लावले आणि डोळे मिटायला सांगितले. काही वेळ नुसते तिचे पायच बघत राहिल्या. मग वडिलांना म्हणाल्या, "पाय चांगले आहेत. हात घाईचे आहेत. हात आवरता येतात."

सायली उंच, धीट डोळ्यांची, पण त्या नापास होण्याने पार खचलेली. "ताई, मला नाय वाटत जमंल," हे तिचं पालुपद. ताई ते ऐकूनच घेत नसत. दर आठवड्याला ती यायची. हळूहळू तिचे हात मांडीखाली आपोआप जाऊ लागले. तिच्या आवाजात जोर आला. पाय, नाव, हाक, निरोप, सगळं घड्याळासारखं होऊ लागलं. ताई मोगऱ्याला पाणी घालून, माझ्याशी बोलून, चहा करून येईपर्यंत ती समोर बघत पाय रोवून बसायची. एकदा तर ताईंनी वाटाणेही सोलून घेतले. सायली हलली नाही.

त्याच सुमारास मला काही काही दिसू लागलं होतं. ताई माझा डबा परत करताना झाकण दुसऱ्याच डब्याचं लावायच्या. सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी पुन्हा सांगायच्या. वय झालं, मी मनात म्हटलं. आपल्याला जे बघायचं नसतं त्याला आपण वय म्हणतो.

सायलीची परीक्षा तोंडावर आली होती. त्या सकाळी मी ताईंसाठी वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन गेले. सायली खुर्चीत होती, ताई मागे पट्टी घेऊन उभ्या होत्या. मी डबा हातात धरून पायरीवरच थांबले.

"उजवं गेलं!" ताई गरजल्या.

सायलीचा डावा पाय खाली गेला. "उजवा पाय रिकामा. उजवं इंजिन." एक हात मांडीखालून निघाला, काळ्या चमच्यांपैकी उजवा मागे आला. "हाक मारली. ओ नाय."

"चूक!" पट्टी खाडकन पाटावर आपटली. "डावं गेलंय! पुन्हा चालू इंजिनाला हात घातलास. पुन्हा तेच!"

सायली गोरीमोरी झाली आणि तिने पाय बदलला. तिचा पाय बरोबर होता. त्याहून जास्त विश्वास तिचा ताईंवर होता, आणि ती हाच बदललेला पाय घेऊन आता परीक्षेला जाणार होती. त्यानंतर आयुष्यभर आकाशात जाणार होती.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही उजवं म्हणालात."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सायलीकडे. "सायली, काय म्हटलं मी?"

"माझंच चुकलं आसंल, ताई."

"कुणाचं चुकलं ते विचारलेलं नाही. काय म्हटलं?"

सायली खाली बघत म्हणाली, "उजवं."

ताई ओटीच्या कठड्यावर बसल्या. हात मांड्यांखाली गेले. त्या समोर बघत होत्या. मला वाटलं, आता त्या हसून काही तरी म्हणतील, चहा टाकतील, आणि आम्ही तिघी हे विसरून जाऊ. मला तेच हवं होतं. त्या उठल्या आणि सायलीला म्हणाल्या, "ऊठ. मी बसते. मागे उभी राहा आणि आता तू मला सांग, कुठलं गेलं. दया करू नकोस."

त्या खुर्चीत बसल्या. सायली मागून सांगू लागली. आवाज रडवेला होता, पण सांगत राहिली. डावं. उजवं. उजवं. डावं. ताईंचे पाय मी पहिल्यांदाच काम करताना बघत होते. शब्द पुरा व्हायच्या आत योग्य तो पाय खाली गेलेला असायचा, हलका नाही, जड नाही, नेमका. आणि तोंड? सुरुवातीला बरोबर आलं. मग सायली 'डावं गेलं' म्हणाली, उजवा पाय झटकन खाली गेला, आणि ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उजवं इंजिन," आणि हात चांगल्या चमच्यावर गेला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. त्यानंतर आणखी एकदा.

"पाय?" त्यांनी विचारलं.

"पाय बरोबर हायेत, ताई. सगळ्या वेळी बरोबर."

"आणि नाव?"

सायलीने तोंड फिरवलं, तशा ताई माझ्याकडे वळल्या. "मेघना, नाव?"

"चुकलं," मी म्हटलं.

"एकदाच?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. एखाद्या विद्यार्थ्याच्या कामाबद्दल ऐकावं, तसं ऐकून घेतलं. "हाक मारून झाली," त्या म्हणाल्या. "आजपासून शिकवणं बंद."

सायली रडायला लागली. "आवो ताई, वयाचं आसतं ते! माझा आजा पन मला आत्याच्या नावानी हाक मारतो. बाकी सगळं तर येतंय तुमाला. किती भारी शिकवताय!"

"तीच तर भीती आहे. बाकी सगळं येतंय. आवाज चांगला आहे, तू डोळे मिटून ऐकतेस. आत्ता पाय का बदललास? तुझा पाय तुला बरोबर सांगत होता. माझ्या आवाजावर बदललास ना? सायली, मी लाल रेघेच्या खाली आलेय. इथून पुढे माझं जे चांगलं चालू आहे, तेच तुला उलथं घालणार."

"मग माझी परीक्षा?"

"ती व्हावी म्हणूनच हे चाललंय."

त्यांनी तिथेच बसून देवदत्तला फोन लावला. सायलीलाही ऐकू यावं म्हणून मला स्पीकर सुरू करून द्यायला सांगितला. "देवदत्त, एक मुलगी पाठवतेय. पाय उत्तम. हात मी आवरलेत. उरलेलं तू बघ. मी बंद केलं शिकवायचं."

"का हो, बाई?" तिकडून देवदत्त म्हणाला. "चांगलं चालू आहे की तुमचं."

"चालू आहे म्हणूनच."

हे उत्तर देवदत्तच्या ओळखीचं होतं. तो म्हणाला, "उद्याच पाठवा."

मी पायरीवर बिरड्याचा डबा धरून उभी होते. या बाईंना मूल नाही, माणूस नाही. आठवडाभर त्या शनिवारची वाट बघतात हे मला ठाऊक होतं. त्यांच्या आयुष्यात तेवढंच एक इंजिन चालू होतं, आणि ते त्यांनी माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने, तक्रारीचा शब्द न काढता ओढून बंद केलं होतं. मला तिथेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं असतं तर "पायावरून ऊठ, ते कामात आहेत," असं काही तरी म्हणाल्या असत्या. कारण सायलीने 'उतरलो' म्हटलेलं नव्हतं, आणि ताईंचा पाय अजून फळीवर दाबलेलाच होता. सायलीच्या ते लक्षात आलं. डोळे पुसत ती म्हणाली, "उतरलो, ताई." तेव्हा कुठे त्यांनी पाय काढला आणि मला म्हणाल्या, "बिरड्यात खोबरं घातलंयस ना भरपूर?"

सायली पास झाली. परीक्षकाने उजवं इंजिन बंद केलं, तिचा डावा पाय गेला, हात दांड्यांपाशी थबकले, आणि मग तिने नाव घेतलं. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मागे तिचे वडील मोठ्याने नाक शिंकरत होते. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "थबकले ना? मग झालं."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते ताईंना आधीच माहीत होतं. पुढचे पावसाळे त्यांना जड गेले. आधी नावं गेली, मग माणसं. मला कधी मेघना म्हणायच्या, कधी 'दातवाली', आणि नंतर नुसतंच हसायच्या. मोगऱ्याला पाणी घालायच्या, पुन्हा घालायच्या. शेवटी नाशिकहून भाची आली आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सायली आली, वडिलांच्या मोटरसायकलवर मागे बसून. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. छोट्या विमानांच्या एका कंपनीत ती आता उडवत होती. ओटीखाली बूट काढून ती वर गेली. ताई सागवानी खुर्चीतच होत्या, पायफळी अजून पुढ्यात, पायांत तेच कॅनव्हासचे बूट. त्यांनी सायलीकडे बघितलं, ओळखलं नाही. सायलीने नाव सांगितलं, पोशीर सांगितलं, परीक्षेचं सांगितलं. ताई भल्या माणसाकडे बघून हसावं तशा हसल्या.

सायली मग त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "उजवं गेलं."

डावा पाय खाली गेला. तसाच, शब्द पुरा व्हायच्या आत. दोन्ही हात आपोआप मांड्यांखाली गेले. ताई समोर रस्त्याकडे बघू लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काही तरी करत असल्याचं समाधान आलं.

"नाव, ताई?" सायलीने विचारलं.

नाव आलं नाही. सायलीने तोंडावर हात दाबला आणि ती पायऱ्या उतरून माझ्याकडे आली. आम्ही दोघी फाटकाशी उभ्या राहिलो. ती रडत होती, मी काहीबाही बोलत होते. तिच्या वडिलांनी गाडीला किक मारली. "चल गं, तुला परत कामावर जायचं हाय." ती एका पायात बूट घालून दुसरा शोधत होती, तेवढ्यात माझी नजर ओटीकडे गेली.

ताई तशाच बसल्या होत्या. समोर बघत, हात मांडीखाली, डावा पाय फळीवर रोवलेला. त्यांची पोटरी लटलट कापत होती.

मी सायलीचा दंड धरला. तिने बघितलं, आणि एका पायात बूट, दुसरा अनवाणी, तशीच धावत ओटीवर गेली. ताईंच्या समोर गुडघ्यांवर बसली.

"उतरलो, ताई," ती म्हणाली. "उतरलो. सगळे उतरलो."

ताईंनी पाय काढला. एक एक करून हात मांडीखालून बाहेर घेतले. मग वाकून त्यांनी सायलीच्या अनवाणी पावलाकडे पाहिलं आणि काळजीने म्हणाल्या, "शेंगांवर पाय देऊ नकोस हं."

"नाय देत, ताई," सायली म्हणाली, आणि खाली बघत, एक एक पाऊल जपून टाकत, पायऱ्या उतरली.